अपघाताच्या केसमध्ये साक्षीचं समन्स आलंय, नेमकं काय बोलायचं असतं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. परवा हवालदार घरी येऊन समन्स देऊन गेले. पुण्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे साक्षीदार म्हणून हजर राहायचंय. केस २०२२ची, भादंवि (भारतीय दंड संहिता) कलम २७९ आणि ३३७. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो, आता नाशिकला असतो.

प्रकार साधाच. सिंहगड रोडला ऑफिसखालच्या टपरीवर चहा घेत होतो. समोर दुभाजकाला कट आहे, तिथून एक पांढरी कार उजवीकडे वळताना दिसली. मी चहाचे पैसे द्यायला मोबाईल काढून कोड स्कॅन करत होतो, तेवढ्यात धाडकन आवाज आला. वर बघतो तर स्कूटर आडवी, बाई रस्त्यावर, कारचा डावीकडचा पुढचा दिवा फुटलेला. मी आणि टपरीवाल्याने बाईंना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हनुवटीला टाके पडले, कोपर सोलवटलं, बाकी सुदैवाने काही नाही. पोलीस दवाखान्यात आले तेव्हा मी आपणहून नाव-नंबर दिला आणि दुसऱ्या दिवशी चौकीत जबाब झाला. त्यानंतर आजवर कुणी विचारलं नाही.

आता समन्स आल्याबरोबर कारवाल्या मुलाच्या काकांचा फोन. "आमचं बाईंशी मिटलंय. तुम्ही फक्त 'आठवत नाही' म्हणा, पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय." नंबर कुठून मिळाला देव जाणे. बाईंचाही फोन आला, त्या म्हणतात माझी काही तक्रार नाही हो. बायको म्हणते जाऊच नका. वडील म्हणतात सरकारी कागद आहे, गेलंच पाहिजे. ज्यांनी अशी साक्ष दिलीय त्यांनी सांगा, तिथे होतं काय?

चिंचगोळी

दादा, सरळ "आठवत नाही" म्हणून मोकळे व्हा. इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं? बाईंना पैसे मिळाले, पोराचं करिअर वाचलं, तुमची दुसरी खेप वाचली. नुकसान कुणाचंच नाही.

खडूस म्हातारा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही. नाव दिलंत तिथेच फसलात. आता भोगा.

काळा_कोट

मी तालुका कोर्टात फौजदारी वकिली करतो, अशा केसेस आठवड्याला हाताखालून जातात. मुद्द्याचं आधी.

समन्स टाळू नका. समन्स बजावलं गेलं आणि तुम्ही गेला नाहीत तर कोर्ट जामीनपात्र वॉरंट काढू शकतं. आज ज्या हवालदाराने हसत कागद दिला तोच मग सकाळी सोसायटीत विचारपूस करत येतो. खरोखर अडचण असेल तर समन्सवर पोलीस ठाणं लिहिलेलं असतं, तिथल्या कोर्ट पैरवीच्या (कोर्टातली पोलिसांची कामं बघणाऱ्या) हवालदाराला फोन करा. ते सरकारी वकिलांना सांगून पुढची तारीख मागू शकतात. व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष घेण्याचीही आता सोय आहे, पण त्यासाठी आधी अर्ज लागतो. ऐनवेळी मागून मिळत नाही.

"मिटलंय" हे प्रकरण लोकांना कळत नाही म्हणून जरा सविस्तर. ३३७ म्हणजे निष्काळजीपणाने दुखापत. त्यात जखमी व्यक्ती कोर्टाच्या परवानगीने तडजोड करू शकते. २७९ म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालवणं. त्यात तक्रार सरकारची असते, म्हणून तडजोड होत नाही. बाईंनी दहा वेळा माफ केलं तरी २७९ जागेवरच. (१ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांना भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, २८१ आणि १२५. तुमचा गुन्हा आधीचा, त्यामुळे जुनंच कलम आणि जुनीच पद्धत.)

मग त्या मुलाने करायचं काय? गुन्हा कबूल करून दंड भरला तर केस त्याच दिवशी संपते. २७९ला जास्तीत जास्त सहा महिने किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि अशा केसमध्ये बहुतेकदा दंडावर भागतं. पण दोषसिद्धीची नोंद राहते आणि भरतीच्या चारित्र्य पडताळणीत ती काढून दाखवली जाते. दुसरा रस्ता म्हणजे उच्च न्यायालयात जाऊन बाईंच्या संमतीच्या प्रतिज्ञापत्रावर गुन्हा रद्द करून घेणं. तडजोड न होणाऱ्या गुन्ह्यांतही हे करता येतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये ग्यान सिंग प्रकरणात ते स्पष्ट केलंय. मात्र मुंबईच्या वकिलाची फी आणि खेपा आल्या. राहिला तिसरा रस्ता, साक्षीदार फितूर करणं. त्याला एका फोनचा खर्च येतो. तो फोन तुम्हाला आलाय.

आणि आता तुमचीच पोस्ट तुम्हीच परत वाचा. धडक झाली तेव्हा तुमची नजर मोबाईलवर होती. तुम्ही वळणारी कार पाहिली, आवाज ऐकला, नंतरचं पाहिलं. तुमची साक्ष एवढीच. "आठवत नाही" म्हणायची गरज काय? जे पाहिलं ते सांगा, जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणा. त्याने मुलाचा फायदा होतो की तोटा, ते बघायला कोर्ट बसलंय.

गोदाकाठ

काळा_कोट साहेब, आभार. पण एक घोळ आहे. जबाब घेतला तेव्हा अंमलदारांनी शेवटी वाचून दाखवलेला. त्यात "कारचालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून समोरून येणाऱ्या स्कूटरला जोराची धडक दिली, ते मी प्रत्यक्ष पाहिले" असलं काहीतरी होतं असं पुसट आठवतंय. मी म्हटलं होतं की आवाज आल्यावर बघितलं. ते म्हणाले, तेच ते. माझी सही घेतली नाही, याचंही आश्चर्य वाटलं होतं.

काळा_कोट

सही घेतली नाही तेच बरोबर. पोलिसांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१खाली घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, कायदाच तसा आहे. तो जबाब पुरावाही नव्हे. कोर्टात शपथेवर बोलता तो पुरावा. पोलीस जबाब वापरला जातो तो एवढ्यासाठी की तेव्हा काय सांगितलं, आज काय सांगता, यात फरक आहे का.

निवृत्त_बक्कल

पोलीस खात्यात आयुष्य गेलं, हल्ली नातवंडं सांभाळतो. त्या अंमलदाराची बाजू थोडी मांडतो, रागावू नका.

अपघाताच्या जबाबाचा मसुदा संगणकात तयार असतो. नाव, वय, धंदा, गाडी नंबर बदलले की झाला. "हयगयीने, अविचाराने" हे कलमातले शब्द आहेत, ते जबाबात आले नाहीत तर वरचे साहेब कागद परत पाठवतात. एका अंमलदाराच्या डोक्यावर चोऱ्या, भांडणं, बेवारस प्रेत, बंदोबस्त आणि वर हा अपघात. साक्षीदार म्हणतो "साहेब मी वळून बघितलं तर..." आणि अंमलदार लिहितो "प्रत्यक्ष पाहिले". हे चूकच आहे, मी समर्थन करत नाही. पण कोर्टात आम्हीच उघडे पडतो, साक्षीदार नाही.

तुमच्या एकट्याच्या शब्दावर केस उभी नसते हेही ध्यानात घ्या. घटनास्थळाचा पंचनामा असतो, त्यात रस्त्याची रुंदी, काचा कुठे पडल्या, चाकांच्या घसरल्याच्या खुणा, गाड्या कुठे उभ्या होत्या ते लिहितात, कच्चा नकाशा काढतात. दोन्ही गाड्यांची आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी होते. ब्रेक चालू होते का, कुठली बाजू चेपली, ते त्यात येतं. डॉक्टरांचं जखमेचं प्रमाणपत्र वेगळंच. पंचनामा मनापासून केलेला असला तर साक्षीदार उलटला तरी केस थोडी उभी राहते. अर्थात मनापासून केलेला असला तर.

सुमेधा_सातारा

मला दुसऱ्या बाजूचं सांगायचंय. चार वर्षांपूर्वी मी स्कूटरवरून पडले, पडले म्हणजे एका जीपने पाडलं. मनगटाला प्लेट टाकली. चौकात पंधरा-वीस माणसं होती. जबाब दिला फक्त एका झेरॉक्सवाल्याने आणि कोर्टात तोही म्हणाला, मी दुकानात होतो, काहीच पाहिलं नाही. जीपवाला त्याच्या गल्लीतला. मी तिथेच बाकावर बसले होते आणि तो माझ्याकडे न बघता बोलत होता.

जीपवाला सुटला. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे स्वतंत्र चालला आणि तिथे मला भरपाई मिळाली. फौजदारीत "निःसंशय" सिद्ध करावं लागतं, तिथे शक्यतेच्या पारड्यावर बघतात, हे मला तेव्हा कळलं. पैसे मिळाले म्हणून त्या माणसाला माफ केलं असं मात्र नाही. चिंचगोळी, "नुकसान कुणाचंच नाही" असं लिहू नका प्लीज.

चिंचगोळी

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण तुमचं मिटलं नव्हतं, यांचं मिटलंय. फरक आहे की नाही? आणि काळा_कोट, खोटी साक्ष दिली म्हणून कोणाला शिक्षा झाल्याचं ऐकलंय का कधी?

काळा_कोट

क्वचित. कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे (भादंवि १९३), पण आधी कोर्टानेच चौकशी करून तक्रार करावी लागते आणि इतका वेळ कुठल्याच कोर्टाला नसतो. किरकोळ अपघातासाठी तर नाहीच. म्हणूनच हे इतकं सर्रास चालतं. मी आरोपीचा वकील म्हणून उभा असतो तेव्हा मलाही ते सोयीचंच असतं, उगाच सोवळं नेसून बोलत नाही.

पण गोदाकाठ यांना माझा सल्ला वेगळ्या कारणासाठी आहे. खोटं "आठवत नाही" उलटतपासात टिकवायला फार अवघड. "तुम्हाला नाशिकहून कोणत्या गाडीने आलात ते आठवतं? बाईंना कुठल्या दवाखान्यात नेलंत? तेही आठवत नाही?" सरकारी वकील चिडलेले असले की असं सोलतात. खरं बोलणाऱ्याला पाठांतर लागत नाही.

आणखी एक. गाडीचा वेग विचारला तर आकडा ठोकून देऊ नका. "भरधाव होती" एवढ्याने काही सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये सतीश नावाच्या ट्रकचालकाच्या कर्नाटकातल्या केसमध्ये हेच म्हटलंय. नुसता "जास्त वेग" हा सापेक्ष शब्द आहे, त्यावरून बेदरकारपणा गृहीत धरता येत नाही. इंडिकेटर दिला होता का, वळताना थांबली का, कट ओलांडून किती पुढे आली होती, असलं काही पाहिलं असेल तर त्याला किंमत.

मीरा_एडिसन

इकडे न्यू जर्सीत आमच्या आईला साक्ष द्यावी लागली त्याची आठवण झाली. आई सहा महिन्यांसाठी आलेली, मी गाडी चालवत होते, ती मागे बसलेली. सिग्नलला मागून एकाने ठोकलं. इथे त्याला "केअरलेस ड्रायव्हिंग"चं तिकीट मिळालं. पोलीस अपघातानंतर आलेला, त्याने स्वतः काही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे समोरच्याने गुन्हा नाकारला की आम्हालाच साक्षीला बोलावलं. म्युनिसिपल कोर्ट, सुनावणी झूमवर.

कोर्टाने मराठी दुभाषी दिली, फुकट. दुभाषी नियमाप्रमाणे आईचं वाक्य प्रथमपुरुषी सांगायची, म्हणजे इंग्रजीत "मी मागच्या सीटवर बसले होते" असं. आईला तेवढं इंग्रजी कळतं. ती मध्येच मराठीत म्हणाली, "अहो, ही कुठे होती तिथे? मी होते!" दुभाषीने तेही इमानदारीत इंग्रजीत सांगितलं. न्यायाधीश हसू दाबत होते. नंतर आई मान डोलवून उत्तर द्यायला लागली, तर त्यांनी थांबवलं. सगळं ध्वनिमुद्रित होतं, मान ऐकू येत नाही, शब्दात सांगा.

इथेही मिटवामिटवी असतेच, पण ती उघड. सरकारी वकील आणि समोरचा आधी बोलतात, बहुतेकदा लायसन्सवर दंडाचे पॉइंट न लागणारं "अनसेफ ड्रायव्हिंग" कबूल करून जास्तीचे पैसे भरतात आणि साक्षीदार घरी जातात. शिवाय गुन्हा कबूल करताना "सिव्हिल रिझर्व्हेशन" मागता येतं, म्हणजे ही कबुली नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. आमच्या केसमध्ये तो भांडत राहिला आणि हरला. गाडीच्या दुरुस्तीचं बिल मी हौसेने घेऊन बसले होते, ते कुणी बघितलंही नाही. तो या कोर्टाचा विषयच नव्हता.

काळा_कोट

मीराताई, हे आवडलं. आपल्याकडे २७९मध्ये उघड तडजोडीची वाट नाही, म्हणून ती साक्षीदाराच्या तोंडातून निघते. कायदा आयोग वगैरे बाजूला ठेवून मला विचाराल तर किरकोळ दुखापतीच्या अपघातात २७९ला तडजोडीची मुभा द्यावी, निम्मी खोटी साक्ष आपोआप थांबेल. असो, हे अवांतर.

खडूस म्हातारा

हीच म्हातारी आपल्या कोर्टात असती तर कोपऱ्यातल्या बाकावर दुपारपर्यंत बसवून "पुढची तारीख" म्हणून परत पाठवली असती.

गोदाकाठ

मंडळी, जाऊन आलो. वृत्तांत देतो, लांबलाय.

पहाटेच्या बसने निघालो. कोर्टाच्या आवारात आधी बोर्ड बघायचा असतो हे कळेपर्यंत अर्धा तास गेला. आरोपीचं नाव, केस नंबर, त्या दिवशीचं काम कागदावर लावलेलं असतं. पैरवीचे हवालदार भेटले, माणूस फार सज्जन. त्यांनी सरकारी वकील मॅडमपाशी नेलं. मॅडमच्या टेबलावर फायलींचा ढीग, त्यातून त्यांनी माझा जबाब काढून हातात दिला आणि म्हणाल्या, वाचून घ्या. वाचला. माझी शंका खरी निघाली, "ते मी प्रत्यक्ष पाहिले" छापलेलं होतं. मी तिथेच म्हटलं, मॅडम, धडक मी पाहिलेली नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "कोर्टात जे खरं ते सांगा." एवढंच.

बाहेर व्हरांड्यात मुलाचे काका होते. चहा विचारला, मी नको म्हटलं. मुलगा बाजूला उभा, पायात स्पोर्ट्स शूज, सारखा घड्याळ बघत होता. बाईंची साक्ष आधी होती. त्या पिंजऱ्यात काय बोलल्या ते मला माहीत नाही, कारण पुढच्या साक्षीदाराला आत बसू देत नाहीत. बाहेर आल्या तेव्हा न बघता गेल्या.

पट्टेवाल्याने पुकारा केला. आत गेलो तर सिनेमातलं काही नाही. गीतेवर हात वगैरे ठेवायला लागला नाही. पट्टेवाल्याने सांगितलं तसं म्हटलं, "ईश्वराची शपथ घेऊन सांगतो की खरे सांगेन, खोटे सांगणार नाही." न्यायाधीश मॅडम होत्या, माझं उत्तर ऐकून वाक्य स्वतः तयार करून टंकलेखकाला सांगत. तेव्हा हळू बोलावं लागतं. मी घडाघडा बोलायला लागलो तर मॅडमनी हाताने थांबवलं. दर वाक्यानंतर किबोर्डचा आवाज थांबला की पुढचं.

सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्ही काय पाहिलं. सांगितलं. कट, पांढरी कार वळताना, मोबाईल, आवाज, आडवी स्कूटर, फुटलेला दिवा. "गाडी वळताना थांबली होती का?" मी म्हटलं, मी बघितलं तेव्हा चालू होती, सावकाश की जोरात ते सांगता येणार नाही. "धडक कशी झाली?" धडक होताना मी पाहिली नाही.

इथे खटका उडाला. सरकारी वकील उभ्या राहून म्हणाल्या, साक्षीदार सरकार पक्षाला मदत करत नाही, फितूर घोषित करून उलटतपास घेण्याची परवानगी मिळावी. मिळाली. खरं बोललो आणि फितूर झालो! मग माझा जबाब पुढे धरून त्यातला एक परिच्छेद वाचून दाखवला. त्याला "अ ते अ" खुणा केल्या होत्या. "असा मजकूर तुम्ही पोलिसांना सांगितला होता?" मी म्हटलं, वळणारी कार पाहिली हे सांगितलं होतं, धडक प्रत्यक्ष पाहिली असं सांगितलं नव्हतं, ते का लिहिलं याचं कारण सांगता येणार नाही. "आरोपीशी तडजोड झाल्याने तुम्ही खोटी साक्ष देत आहात?" हे म्हणणं खरं नाही. मॅडमनी टंकलेखकाला तसंच सांगितलं: "मी आरोपीस मदत करण्यासाठी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही." मनातून फार अपमान झाला. मी विचारात होतो की सांगावं, काकांचा फोन आला होता म्हणून. मग खरंच सांगितलं. फोन आला होता, मी काही कबूल केलं नाही. तेही टाईप झालं. काकांचं तोंड बघण्यासारखं होतं.

आरोपीच्या वकिलांचे प्रश्न त्यानंतर थोडेच. टपरीपासून कट किती अंतरावर, हे विचारलं. मी "अंदाजे चाळीस फूट" म्हणणार होतो, पण धाग्यावरचं आठवलं. म्हटलं, आकडा सांगता येणार नाही, या खोलीच्या दुप्पट असेल. मध्ये पीएमपीची बस उभी होती का? नव्हती. "स्कूटर कोणत्या वेगाने येत होती?" पाहिली नाही. संपलं. साक्ष छापून आली, वाचून सही केली. एका ठिकाणी "डावीकडे वळत होती" असं झालं होतं, ते दाखवल्यावर मॅडमनी दुरुस्त केलं. त्यामुळे सही करायच्या आधी खरंच वाचा हो.

पुढची तारीख डॉक्टरांच्या साक्षीची आहे म्हणे. माझं काम झालं.

काळा_कोट

झक्कास. "फितूर" शब्दाने खचू नका. तो तुमच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. आपल्याच साक्षीदाराला अडचणीचे प्रश्न विचारण्याची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. फितूर घोषित केलं म्हणून साक्ष पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६पासून सांगितलंय. त्यातलं जे विश्वासार्ह वाटेल ते कोर्ट घेऊ शकतं. तुमच्या साक्षीतून कार वळत होती आणि धडक त्या कटपाशीच झाली, एवढं तर सिद्ध झालंच. सरकारी वकिलांचाही दोष नाही. कागदावर एक, तोंडात दुसरं, म्हटल्यावर त्यांना ते करावंच लागतं.

फोनचं सांगितलंत ते धाडसच. त्यावर फार काही होणार नाही, पण नोंद राहिली.

सुमेधा_सातारा

गोदाकाठ, तुम्ही मुलाची बाजू घेतली असती तरी चाललं असतं असं वाटणारे इथे बरेच आहेत. मला तुमची साक्ष वाचून बरं वाटलं. माझ्या केसमध्ये एवढं कुणी सांगितलं असतं तर बास होतं, की जीप त्या बाजूने आली.

निवृत्त_बक्कल

तपास अधिकाऱ्याला आता साक्षीत विचारतील, "साक्षीदाराने सांगितलं नसताना मजकूर का लिहिला?" आणि तो म्हणेल, "साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला." मीही पिंजऱ्यात उभा राहून हेच म्हणालोय, एकदा नव्हे. वाचून काही चांगलं वाटलं नाही.

भत्ता मागितलात का? फौजदारी खटल्यात सरकारी साक्षीदाराचा प्रवास आणि जेवणाचा खर्च सरकारने द्यावा अशी तरतूद आहे. साक्ष झाल्याबरोबर तिथल्या लिपिकाकडे तिकीट दाखवून फॉर्म भरायचा असतो.

गोदाकाठ

मागितला. लिपिक म्हणाले, सध्या निधी नाही, अर्ज ठेवून जा. ठेवला. ऑफिससाठी हजेरीचा दाखला मात्र लगेच मिळाला, शिक्क्यासकट. त्यामुळे रजा वाचली.

चिंचगोळी

माझं मत अजून बदललेलं नाही, पण मीराताईंच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

ओसरीवर

धागा वाचतेय. आमच्या भाच्याचं असंच २७९चं आरोपपत्र कोर्टात पडून आहे, जखमी कुणी नाही, फक्त रिक्षाला घासलेलं. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत ते निघालं आणि अर्ज अडकला. तो जर्मनीला शिकायला जायचाय. केस संपायची वाट बघायची का?

काळा_कोट

नाही, ज्या कोर्टात केस आहे तिथेच परदेशी जाण्याच्या परवानगीचा अर्ज करा. प्रवेशाचं पत्र, कधीपासून कधीपर्यंत, राहण्याचा पत्ता सगळं जोडा. आदेशात मुदत स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. आणि रिक्षावाल्याला फोन करू नका.

ओसरीवर

काका करून बसलेत.

काळा_कोट

मग नवीन धागा काढा.